विल्काबांबात बिऱ्हाड करताना

दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात जाऊन राहावं असं मनात आलं आणि माहिती शोधायला बसलात, की सल्ल्यांचा ढीग सापडतो. यातले बहुतेक सल्ले अमेरिकन निवृत्तांनी अमेरिकन निवृत्तांसाठी लिहिलेले असतात. वीज गेली की ते हवालदिल होतात, दारावर येणारं गॅसचं सिलिंडर पाहून त्यांना नवल वाटतं, ओळख काढल्याशिवाय काम होत नाही म्हणून ते चिडतात. हे सगळं आपण लहानपणापासून बघत आलोय. उलट ज्या ठिकाणी आपल्याला घाम फुटतो, त्याबद्दल या सल्ल्यांत एक ओळ सापडत नाही, कारण त्यांच्या पासपोर्टला आणि त्यांच्या पोटाला तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

मी मूळचा बार्शीकडचा. इक्वेडोरच्या दक्षिण टोकाकडच्या विल्काबांबा गावात भाड्याच्या घरात राहतो, काम लॅपटॉपवर करतो. मला कुठे अडलं आणि कुठे सोपं गेलं, ते क्रमाने लिहितोय.

गावाविषयी थोडं आधी. प्रांताचं आणि त्याच्या राजधानीचं नाव लोहा. (नांदेडकरांनी हसू नये. उच्चार ‘ह’ आणि ‘ख’च्या मधला आहे, पण ‘लोहा’ म्हटलं तरी चालतं.) लोहा शहर साधारण २,००० मीटर उंचीवर, तिथून चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला उतरलं की १,५०० मीटरच्या आसपास विल्काबांबाची दरी. डोक्यावर मांदांगो नावाचा सुळका, पूर्वेला पोदोकार्पुस राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. विषुववृत्त जेमतेम चार अंशांवर असल्यामुळे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारखी. हवा बाराही महिने पुण्याच्या नोव्हेंबरसारखी, फक्त दुपारचं ऊन फार कडक.

हे गाव ‘शतायुषींची दरी’ म्हणून प्रसिद्ध झालं ते १९७०च्या दशकात. हार्वर्डचे डॉक्टर अलेक्झांडर लीफ यांनी १९७३ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये इथल्या म्हाताऱ्यांवर लेख लिहिला आणि जगभरातले लोक इथलं पाणी प्यायला यायला लागले. पुढे मॅझेस आणि फोरमन या संशोधकांनी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. १९७९ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात शंभरी गाठलेलं एकही माणूस निघालं नाही, सगळ्यात वृद्ध व्यक्ती ९६ वर्षांची होती. घराण्यात तीच ती नावं पुन्हा पुन्हा ठेवायची पद्धत, त्यामुळे काकाची नोंद पुतण्याच्या नावावर खपून गेली होती. पाण्याच्या बाटलीवर जास्त पैसे मोजण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

पहिली पायरी: घरून निघण्याआधीचे कागद

इथे घाई केली तर पुढे वर्षभर पस्तावाल.

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकन माणूस विमानातून उतरून शिक्का मारून घेतो आणि मग निवांत बसून राहण्याच्या व्हिसाचा विचार करतो, तसं आपलं होत नाही. दिल्लीत इक्वेडोरची वकिलात आहे. चालू नियम तिथूनच विचारून घ्या, कारण ते बदलतात. पेन्शनवर किंवा भाड्यासारख्या कायम उत्पन्नावर राहायला येणाऱ्यांसाठी उत्पन्नाची अट इथल्या किमान मासिक वेतनाच्या तिप्पट अशी मांडलेली असते. २०२५ साली किमान वेतन ४७० डॉलर होतं, म्हणजे महिन्याला १,४१० डॉलर.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यायचा. पदवी, लग्नाचा दाखला वगैरेंवर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशातही खरा धरला जावा म्हणून मारलेला. भारत आणि इक्वेडोर दोघेही अपोस्टिल करारात असल्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. स्पॅनिश भाषांतर मात्र लागतं. पोलीस क्लिअरन्स ताजा मागतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा.

आता नावाचा घोळ. स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं मग आईचं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तर आडनाव सगळ्यात आधी. माझ्या पदवीवर आडनाव पुढे होतं, पासपोर्टवर मागे. एका कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि शांतपणे सांगितलं की हे दोन वेगळे इसम आहेत. मी त्यांना महाराष्ट्रातली पद्धत समजावून सांगत होतो आणि माझं स्पॅनिश तेव्हा ‘पाणी द्या, धन्यवाद’च्या पुढे गेलेलं नव्हतं. शेवटी नोटरीकडे जाऊन, ‘या दोन्ही नावांचा माणूस मीच’ असं प्रतिज्ञापत्र करून दिलं तेव्हा सुटलो. तुम्ही निघण्याआधीच सगळे कागद एका टेबलावर मांडून नावाचा क्रम आणि स्पेलिंग ताडून पाहा. जे जुळत नाही, त्याचं प्रतिज्ञापत्र करून त्यावरही अपोस्टिल घेऊन ठेवा.

दुसरी गोष्ट लसीची. इक्वेडोर हा पीतज्वराचा धोका असलेला देश मानला जातो. तिथून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. भाच्याच्या लग्नाला म्हणून आलात आणि हळद-लग्न-पूजा सगळं उरकून गेलं, असं व्हायला नको. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

तिसरी गोष्ट तिकिटाची. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसतं, पण नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे या. तिथेही ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे, तेव्हा पैसे भरण्याआधी ज्या विमानतळावर थांबणार तिथला नियम बघा.

आणि चौथी, जी मी विसरलो होतो: भारतातल्या बँकेचा ओटीपी. सिमकार्ड बंद पडलं तर स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. रोमिंग चालू ठेवा, येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत. दीर्घकाळ राहणार असाल तर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं करून घ्यावं लागतं, तेही निघण्याआधी उरका.

दुसरी पायरी: गावात पोहोचणं

राजधानी कीतोहून विमानाने कातामायोला उतरायचं, तिथून लोहा शहर तासाभरावर. किंवा ग्वायाकिलहून रात्रीची बस, आठ-नऊ तास. लोह्याच्या बसस्थानकावरून विल्काबांबाची बस दिवसभर मिळते, सव्वा तास लागतो. पावसाळ्यात, म्हणजे ढोबळमानाने जानेवारी ते एप्रिल, या रस्त्यावर दरडी कोसळतात. त्याला इथे ‘देर्रुंबे’ म्हणतात आणि तो शब्द पहिल्याच महिन्यात पाठ होतो. पहिल्यांदा येताना शक्यतो जून ते ऑक्टोबरमध्ये या.

तिसरी पायरी: सुटे पैसे

इक्वेडोरने २००० साली स्वतःचं सुक्रे हे चलन सोडून अमेरिकन डॉलर घेतला. त्यामुळे पैसे बदलायची कटकट नाही असं वाटतं. खरी कटकट सुट्यांची आहे. वीसची नोट दिली की दुकानदार आधी नोटेकडे, मग तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘नो आय सुएल्तोस’, सुटे नाहीत. पन्नास आणि शंभरच्या नोटा तर गावात कोणी हातात धरत नाही. विमानतळावरून आणि बँकेतून येतानाच एक आणि पाचच्या नोटा घ्या. इथे एक डॉलरची नाणी सर्रास चालतात, इक्वेडोरची स्वतःची सेंटावो नाणीही चालतात. नाण्यांसाठी कापडी पुरचुंडी ठेवा. माझ्या आजीच्या कनवटीला असायची तशीच.

वीसची नोट मोडायची युक्ती सांगतो: औषधाचं दुकान किंवा पेट्रोल पंप. भाजीवालीकडे कधीच नाही.

चौथी पायरी: बोलणं

मी ही पायरी घराच्या आधी घेतोय, कारण घरही बोलण्यातूनच मिळतं.

दुकानात शिरताना ‘बुएनोस दियास’ म्हणायचं; दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’, अंधार पडला की ‘बुएनास नोचेस’. दुकानदारापुरतं नव्हे, आत जे कोणी असतील त्या सगळ्यांना मिळून. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांनाही. खाणावळीत बसताना शेजारच्या टेबलावर कोणी जेवत असेल तर ‘बुएन प्रोवेचो’, अंगी लागो. मुंबईहून आलेल्या माणसाला हे उगीच वाटतं. गावाकडच्या माणसाला ‘रामराम’ न घालता पुढे जाणारा कसा शिष्ट दिसतो हे आठवा, म्हणजे समजेल.

लोह्याचं स्पॅनिश सावकाश आणि स्वच्छ, शिकायला चांगलं. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे इथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’. डोळे मिटून सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हणा, इथे मुलंही आईवडिलांना तसंच म्हणतात. वयस्कर माणसाला नावाआधी ‘दोन’ किंवा ‘दोन्या’. शिकलेल्या माणसाला त्याच्या पदवीने हाक मारतात: ‘इंजिनियर’, ‘डॉक्टर’, ‘लिसेन्सियादा’. आपल्याकडे ‘गुरुजी’, ‘भाऊसाहेब’ म्हणतात, त्याच चालीवर.

काही शब्द पुस्तकात सापडत नाहीत. ‘या मिस्मो’ याचा कोशातला अर्थ ‘आत्ताच’. प्रत्यक्षात तो आपल्या ‘निघालोच’ इतकाच खरा. म्हणणारा अजून अंघोळीला जायचा असतो. नळ दुरुस्त करणाऱ्याने ‘या मिस्मो’ म्हटलं तर त्या दिवशी बाहेरची कामं ठेवू नका, पण वाटही बघू नका. ‘नो सेआ मालीतो’ म्हणजे शब्दशः ‘असं वाईट वागू नका हो’, पण वापर ‘एवढं करा ना’ असा. कचेरीत हे वाक्य ज्याला वेळेवर आठवलं त्याचं काम झालं. थंडी वाजली की ‘अचाचाय’, चटका बसला की ‘अर्रार्राय’, किळस आली की ‘अतातय’. हे क्वेचुआ या इथल्या आदिवासींच्या भाषेतून आलेले शब्द आपल्या तोंडी लगेच बसतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा. आपण कुठले हे सांगताना ‘सोय इंदियो’ म्हणू नका. ‘इंदियो’ हा इथल्या मूळ रहिवाशांना हिणवायचा शब्द आहे. ‘सोय दे ला इंदिया’, मी भारताचा, असं म्हणायचं. लोक तुम्हाला ‘इंदू’ म्हणतील, म्हणजे हिंदू. तुम्ही मुसलमान असा, ख्रिस्ती असा की बौद्ध, भारतातला माणूस इथे ‘इंदू’च. ‘इंदियो’ म्हणणं टाळायचं म्हणून ही सोय रूढ झाली आहे, त्यात धर्माची चौकशी नसते. नंतर गाईंबद्दल विचारतील. त्या उत्तराची तयारी ठेवा, ते शंभर वेळा द्यावं लागतं.

पाचवी पायरी: घर

इंटरनेटवर दिसणारी घरं परदेशी लोकांसाठीची आणि परदेशी भावाची असतात. पहिले दोन-तीन आठवडे एखाद्या साध्या ओस्तालमध्ये, म्हणजे लॉजवर काढा आणि गावातून पायी फिरा. खिडकीत ‘से आरिएन्दा’ अशी हाताने लिहिलेली पाटी दिसली की घर भाड्याने आहे. किराणा दुकानात विचारा, न्हाव्याला विचारा. पत्त्यात घर क्रमांक क्वचितच असतो. ‘चर्चच्या वर दोन चौक, निळा दरवाजा, कुत्र्यापासून सावध’ असा पत्ता असतो. आपल्याला मारुतीच्या देवळामागची सवय असल्याने अडत नाही.

घर बघताना चार गोष्टी हात लावून बघा. नळ सोडून पाण्याचा जोर, शक्यतो दुपारी. गरम पाण्याचा शॉवर: बऱ्याच घरांत विजेवर तापणारं डोकं थेट नळावर बसवलेलं असतं, त्याच्या वायरी उघड्या नाहीत ना ते पाहा. छताच्या कोपऱ्यातली ओल. आणि मागच्या महिन्याचं लाइट बिल, ‘प्लानिया’. हे बिल मागायचं दुसरं कारण असं की पुढे प्रत्येक कचेरीत पत्त्याचा पुरावा म्हणून तेच मागतात, अगदी आपल्यासारखं. 

संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद असतात. आपल्या लोकांनी एक प्लास्टिकचा मग घेतला की हा विषय संपला.

सहावी पायरी: वीज, गॅस, बंद

इथे वीज ११०-१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि पिना चपट्या. भारतातून आणलेला मिक्सर इथे नुसता कण्हतो. वजन वाया घालवू नका, गावातून ‘लिक्वादोरा’ घ्या, चटणी बरी होते. प्रेशर कुकर मात्र जरूर आणा, सोबत दोन जादा गॅस्केट. उंचीमुळे पाणी जरा कमी तापमानाला उकळतं, डाळीला एक शिट्टी जास्त लागते.

स्वयंपाकाचा गॅस १५ किलोच्या सिलिंडरमध्ये. सरकारी भाव कित्येक वर्षं १ डॉलर ६० सेंट. घरपोच आणून देणारा तीनच्या आसपास घेतो. गाडी हॉर्न वाजवत गल्लीतून जाते, आपण दारात येऊन हात करायचा.

२०२४ च्या उत्तरार्धात दुष्काळामुळे धरणं आटली आणि देशभर दिवसाला चौदा तासांपर्यंत वीज जायची. गावातले परदेशी शेजारी सामान बांधायच्या गोष्टी करत होते. मी भारनियमनात बारावीची परीक्षा दिलेला माणूस. वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलं, मोबाइल आणि इन्व्हर्टर चार्ज करायच्या वेळा लिहून काढल्या आणि कामाला लागलो. शेजारच्या अमेरिकन काकू ते वेळापत्रक बघायला रोज माझ्याकडे यायच्या.

बंद मात्र आपल्यापेक्षा लांबतो. इथे त्याला ‘पारो’ म्हणतात. जून २०२२ मध्ये आदिवासी संघटनांनी पुकारलेला पारो अठरा दिवस चालला, रस्त्यांवर अडथळे टाकून. अशा वेळी डोंगराळ गावात आधी गॅस संपतो, मग पेट्रोल. एक भरलेलं सिलिंडर, दोन आठवड्यांचा तांदूळ-डाळ आणि नेहमीच्या गोळ्या घरात असू द्या. २०२४ च्या जानेवारीत सरकारने गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध ‘अंतर्गत सशस्त्र संघर्ष’ जाहीर केला, तेव्हापासून आणीबाणी आणि संचारबंदीचे हुकूमही अधूनमधून निघतात. किनाऱ्याकडच्या शहरांत जायचं असेल तर निघण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, आणि रात्री प्रवास टाळा.

सातवी पायरी: जेवण

शाकाहारी माणसाने ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी येते. ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या लेखी गाय-डुकराचं मांस. ‘नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन’ असं सगळं नाव घेऊन सांगावं लागतं: कोंबडी नको, मासा नको, हॅमही नको. तरी सूपचं पाणी कोंबडीचं आहे का ते विचारा, आणि फोडणीला ‘मान्तेका दे चांचो’, डुकराची चरबी आहे का तेही. विल्काबांबात परदेशी लोकांमुळे शाकाहारी जेवण मिळतं. पलीकडच्या मालाकातोसला गेलात की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी खाणावळीतलं ठरलेलं जेवण, ‘आल्मुएर्सो’, तीन डॉलरच्या आसपास: सूप, मग भात आणि सोबत काहीतरी, एक पेला रस. लोह्याचं रेपे नावाचं सूप जरूर खा. कच्ची केळी, दूध, ताजं चीज आणि कोथिंबीर. बहुतेक ठिकाणी ते शाकाहारी असतं.

घरी स्वयंपाक करायचा तर बाजार समजून घ्या. केळ्याला तीन नावं: ‘गिनेओ’ हे आपलं खायचं केळं, ‘वेर्दे’ हे भाजीचं कच्चं राजेळीसारखं, ‘मादुरो’ तेच पिकलेलं. वेर्देची काचऱ्यांची भाजी आणि भजी उत्तम होतात. मसूर सगळीकडे, अख्खी. छोले ‘गार्बान्सो’. तूरडाळ नाही, नाद सोडा. पण बाजारात ‘सारान्दाहा’ नावाचे दाणे दिसले, मी मूठभर हातात घेतले आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. ते आपले वाल. डोंगरापलीकडच्या पेरू देशातही खातात. रात्रभर भिजवून, मोड काढून, सोलून बिरड्याची उसळ केली. घरमालकीणबाई म्हणाल्या की साल काढायचा एवढा उद्योग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

‘केसिओ’ हे बिनमिठाचं ताजं चीज पनीरच्या जागी चालतं. बिनमिठाचं लोणी, ‘मान्तेकिया सिन साल’, कढवून तूप. चपातीला ‘आरिना इंतेग्राल’, म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं पीठ. जिरं, हळद, आलं मिळतं; हिंग, मोहरी, गोडा मसाला आणि चहाची पावडर घरून. इथे ‘चहा’ मागितला तर कुठल्यातरी पाल्याचा काढा येतो. लोह्याचा ‘ओर्चाता’ नावाचा लालसर काढा त्यातला सगळ्यात चांगला, पण तो सकाळी सहा वाजता आलं घातलेल्या चहाची जागा घेत नाही.

गूळ शोधायची गरज नाही. या दरीत ऊस होतो आणि मालाकातोसच्या बाजूला ‘त्रापिचे’ आहेत, म्हणजे चक्क गुऱ्हाळं. त्यांच्या गुळाला ‘पानेला’ म्हणतात. काहिलीवरचा वास कोल्हापूरच्या बाजूचाच. फरक इतकाच की इथे त्याच रसाची दारूही काढतात आणि पाहुण्याला तीच आधी पुढे करतात.

बाजारात एकाच भाजीवालीकडे जात राहा. ती तुम्हाला ‘कासेरीता’ म्हणेल, तुम्हीही तिला तेच म्हणायचं. ठरलेली गिऱ्हाईक आणि ठरलेली दुकानदार, दोघींना एकच शब्द. पुरुष असाल तर ‘कासेरीतो’. भाव फार घासू नका, ‘ला यापा?’ असं विचारा. यापा म्हणजे वर टाकायचं: दोन लिंबं, कोथिंबिरीची काडी. मला तिसऱ्या आठवड्यात न मागता यापा मिळाली.

आठवी पायरी: सेदुला आणि पैसा

राहण्याचा व्हिसा हातात आला की नागरी नोंदणी कचेरीत जाऊन ‘सेदुला’ काढायचं, म्हणजे ओळखपत्र. यानंतर आयुष्य बदलतं. दुकानातल्या बिलापासून इस्पितळापर्यंत सगळीकडे त्याचाच नंबर विचारतात. पासष्ट पूर्ण झालेल्यांना बसचं तिकीट अर्धं लागतं.

सेदुला मिळालं की बँकेत किंवा ‘कोऑपेरातिवा’त खातं उघडता येतं. कोऑपेरातिवा ही आपली पतसंस्था, तिच्या चांगल्या-वाईट सगळ्या अर्थांनी. मोठी रक्कम ठेवण्याआधी ठेव-विम्याची मर्यादा विचारा. बँकांसाठी ती ३२,००० डॉलर आहे. देशाबाहेर पैसे पाठवताना २०२४ पासून पाच टक्के कर कापला जातो, म्हणून गरजेपुरतेच आत आणा.

नववी पायरी: आजारपण

गावात सरकारी इस्पितळ आहे, तपासणीला पैसे लागत नाहीत; मोठ्या तज्ज्ञासाठी लोह्याला जावं लागतं. तातडीला ९११. औषधांची नावं ब्रँडने लिहून आणू नका, घटकाच्या नावाने आणा: मेटफॉर्मिनला ‘मेतफोर्मिना’, लोसार्टनला ‘लोसार्तान’. बीपी-शुगरवाल्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. गल्लीतली कुत्री रात्री मागे लागतात. खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणला की इथलीही पळतात.

दहावी पायरी: जमीन घ्यायचा मोह

साधारण आठव्या महिन्यात होतो. नदीकाठी अर्धा हेक्टर, आंब्याचं झाड, समोर मांदांगो. विकणारा भला माणूस असतो आणि भाव फारच चांगला असतो. तेव्हा एक प्रश्न विचारा: खरेदीखत कशाचं, जमिनीच्या तुकड्याचं की ‘देरेचोस इ आक्सिओनेस’चं? यातलं दुसरं असेल तर तुम्ही विकत घेताय तो वाटणी न झालेल्या वारसा हक्कातला हिस्सा. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातल्या एकाने परस्पर सही केलेली, बाकीचे स्पेनला नाहीतर अमेरिकेला. हे चित्र आपल्याला नवं नाही, पण डोंगर बघून डोकं चालेनासं होतं. मालमत्ता नोंदणी कचेरीतून बोजा नसल्याचा दाखला, ‘सेर्तिफिकादो दे ग्रावामेनेस’, स्वतः काढा. आणि ओलिताच्या पाण्याचा हक्क कागदावर आहे का ते बघा. पाटाची पाळी ठरलेली असते, ती नसेल तर आंब्याचं झाड तुमच्या डोळ्यांदेखत वाळतं.

शेवटची: मिंगा

पाटाचा गाळ काढायचा, रस्त्यावरची दरड हटवायची किंवा पाण्याच्या टाकीची डागडुजी करायची, की गल्लीत निरोप फिरतो: शनिवारी ‘मिंगा’. प्रत्येक घरातून एक माणूस. आपली इर्जिक किंवा सावड माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. पाण्याच्या समितीत घर असेल आणि कोणी गेलं नाही तर दंड पडतो. बरेच परदेशी लोक दंड भरून मोकळे होतात. त्यांना कोणी काही बोलत नाही, पण त्यांची नळजोडणी तुटली की दुरुस्तीवाला ‘या मिस्मो’ येतो.

मी पहिल्या मिंगाला गेलो तो हातमोजे घालून. दोन तासांत तळहाताला फोड, आणि माझ्या शेजारचे सत्तरीचे सेगुंदो (नाव बदललंय) एकसारखं खोरं मारत होते, घाम नाही की धाप नाही. दुपारी पाटाच्या कडेला प्रत्येकाने आणलेलं जेवण एका चादरीवर ओतायचं असतं: उकडलेला मका, वाल, युका नावाचा कंद, चीज. मी बरोबर वेर्देची भजी नेली होती. आधी लहान मुलांनी वास घेतला, मग एकाने चावा घेतला, मग डबा दुसऱ्या टोकाला गेला आणि रिकामा परत आला. आता निरोप द्यायला येणारा मुलगा दिवस आणि वेळ सांगतो आणि वर, भजी किती आणणार, तेही विचारतो.

खोरं मात्र स्वतःचं न्या. त्याला इथे ‘लांपा’ म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दांडा निलगिरीचा नको, दुसऱ्या पावसात चिरतो.